शेवटचा बाक

सॅन्डस्कीत नोव्हेंबरात पार्क बंद असतं.
सरोवराच्या काठाला रोलर कोस्टरची हाडं उभी,
आणि हायवेच्या कडेला, वॉफलच्या हॉटेलात, आम्ही चार जण,
आजवर एकमेकांचं तोंडही न पाहिलेले,
दोन परक्या आवाजांमुळे सोयरे झालेले.

पॉडकास्टचं नाव 'लास्ट रो'. मी मनात म्हणते, शेवटचा बाक.
व्हर्न आणि लोरेटा, नवरा-बायको, दर गुरुवारी
एखाद्या पार्कात नेऊन सोडतात:
गाडी कुठे लावायची, कुठल्या रांगेला सावली,
कुठल्या राइडवर चष्मा खिशात नाही, बुटात ठेवायचा.
बोलता बोलता लोरेटाच्या ग्लासात बर्फ खुळखुळतो.
तो आम्हाला तिच्या हसण्याआधी ऐकू येतो.

डेलबर्ट टोलेडोचा, बसचे ब्रेक दुरुस्त करण्यात जन्म गेला.
त्याच्या वहीत प्रत्येक कोस्टरची उंची, उतार,
आणि बायको नेमकी कुठे किंचाळली त्याची नोंद.
ऱ्होंडा शाळेच्या स्वयंपाकघरात असते.
ऑगी सतरा वर्षांचा. त्याला आईने आणलं,
ती बाहेर गाडीतच बसली आहे,
काचेतून आम्हाला जोखते आहे.
आणि मी, रात्रपाळीला औषधाच्या गोळ्या मोजणारी.
हेमांगी म्हणता येईना,
म्हणून त्यांनी मला अँगीवर आणून ठेवलं.

"तुझी आवडती राइड?" ऱ्होंडाने विचारलं.
माहेरच्या माणसांची नावं घ्यावीत तसे
मी चौदा कोस्टर घडाघडा सांगितले,
कुठे पोटात गोळा येतो, कुठे कान गार पडतात.
बसले एकावरही नाही.
ते सांगितलं नाही. वॉफलवर पाक जरा जास्त ओतला.

मग ऑगीने मान खाली घालून विषय काढला.
"मागच्या गुरुवारी लोरेटा म्हणाली ना,
घोड्यांच्या पाळण्याशेजारी लिंबूपाणी घ्या?
तो पाळणा दोन वर्षांपूर्वीच काढला. मी बघायला गेलो होतो."
डेलबर्टने वही मिटली.
ऱ्होंडा म्हणाली, व्हर्न हल्ली तिला प्रश्न विचारतो
आणि उत्तराआधी थांबतो,
अंधारात शेवटची पायरी पायाने चाचपावी तसा.
मी म्हटलं, ऑगस्टपासून एकाच भागात
बर्फ आधी वितळतो,
मग पुन्हा अख्खा होतो.

तो शब्द कुणीच काढला नाही.
वेट्रेस आली, न विचारता चारही कप भरून गेली.

"पत्र लिहूया त्याला?"
"लिहून काय म्हणायचं? की आम्हाला कळलं?"
"मग तो बंद करेल," ऑगी म्हणाला,
आणि खिडकीतून गाडीकडे पाहिलं.

मला सगळे भाग पाढ्यांसारखे पाठ. तिथेच सुचलं.
कागदी रुमालावर आम्ही प्रश्न लिहायला घेतले,
फक्त असे, ज्यांची उत्तरं ती कधीतरी देऊन गेली आहे.
लाकडी कोस्टर पावसात जास्त पळतो का? भाग एकोणचाळीस.
उंचीची भीती नवऱ्यापासून कशी लपवायची? भाग बारा.
एकटीने गेलं तर शेजारच्या रिकाम्या सीटवर काय ठेवावं?
ते कुठे, ते डेलबर्टला वहीत सापडेना. मी सांगितलं.
चार वेगळे पत्ते, चार वेगळे आठवडे,
म्हणजे त्याला संशय यायला नको.
आला तर आला, ऱ्होंडा म्हणाली, शहाणा असेल तर गप्प बसेल.

तिसऱ्या गुरुवारी, पहाटे चारला, गोळ्यांच्या ट्रेसमोर,
कानात व्हर्न: "क्लीव्हलंडहून अँगी विचारते..."
मग थोडा वेळ नुसती खरखर.
मग ती. एकशे सहाव्या भागातली, कुठल्याशा जुलैतली,
बर्फ अजून अख्खा.
"काही ठेवू नका हो. तिचा पट्टा मात्र बांधा,
नाहीतर सगळी वाट आपटत राहतो."

किती झाल्या होत्या, विसरले.
गोळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.