पहिली नव्वद सेकंदं

ग्रिम्सबीत डिसेंबरात साडेतीनलाच अंधारून येतं,
त्यामुळे पडदे ओढायचा प्रश्न नव्हता.
चौदा पोरं, टकटक करणारा जुना हीटर,
आणि भिंतीवर मी थांबवून धरलेला खून.

खून अजून झालेला नाही, मी म्हणाले. नीट बघा.
कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर.
एवढ्या खालून कोण बघतंय?
"मांजर," ब्रॅडन म्हणाला. वर्ग हसला.
मीही हसले, आणि फळ्यावर लिहिलं:
नजर कुणाची?

मग उजेड.
एकाच बाजूने येणारा, खिडकीच्या पट्ट्यांतून चिरलेला,
अर्धा चेहरा ठेवून अर्धा गिळणारा.
मग आवाज. ओल्या फरसबंदीवर टाचा,
त्यांच्याखाली चेलोचा एकच सूर,
इतका खालचा की कानाआधी बाकाला कळावा.
वह्यांत भराभर उतरत गेलं.
परीक्षेत प्रकाशाला पाच गुण, ध्वनीला पाच.

रोवन हॅडल्सी वर्गात बोलत नाही.
त्या दिवशी हातही वर न करता म्हणाला,
"मिस, असं नसतं."

काय नसतं?

"सावली."

त्यांच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट होती,
मासळीच्या शेडमधून कुणीतरी काढून आणलेली, लांबलचक.
तिच्याखाली सगळं सारखंच पांढरं दिसायचं:
वडील, टेबलाचे पाय, पावाचा चुरा.
कुठेच काही लपत नव्हतं.
संगीत तर नव्हतंच. फ्रीज चालू होता.
"मग तो थांबला. आपोआप थांबतो ना, तसा.
तेव्हा कळलं, इतका वेळ तो वाजत होता."

"आणि कॅमेरा?" ब्रॅडनने विचारलं.
थट्टा नव्हती. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

रोवनने जरा विचार केला.
"दारात," म्हणाला,
आणि बाकाच्या कडेजवळ तळवा आडवा धरून
दाखवली उंची, तेव्हाच्या त्याची.
मांजरापेक्षा थोडी वर.

घंटेला अकरा मिनिटं होती.
भिंतीवर एक टाच उचललेली, तशीच अधांतरी.
रिमोट माझ्या हातात होता आणि बोटांना
कुठलं बटण दाबावं ते सुचत नव्हतं.
ब्रॅडन उठला,
वाकून हीटर बंद केला,
परत जाऊन बसला.

जानेवारीत सराव परीक्षा झाली.
रोवनच्या उत्तरपत्रिकेत सुवाच्य अक्षरात होतं:
कमी प्रकाश आणि गडद सावल्या यांमुळे रहस्य वाढते.
खालच्या कोनामुळे पात्र बलवान भासते.
संगीतामुळे प्रेक्षकाला धोक्याची चाहूल लागते.

एकही चूक नव्हती.
प्रकाशाला पाच दिले, ध्वनीला पाच,
बेरीज केली, पुन्हा एकदा केली,
मग उठून आमच्या फ्रीजचं दार उघडलं.
काढायचं काहीच नव्हतं.