तीन पाव पाऊण

शुक्रवारी संध्याकाळी मॅसिलनमध्ये
औषधाच्या दुकानातसुद्धा कुणी फिरकत नाही.
मी काउंटर आवरते, पांढरा कोट खुंटीला लावते
आणि ॲल्युमिनियमच्या गारढोण फळीवर जाऊन बसते,
ड्वाइट होस्टेटलर यांच्या शेजारी.
ते एकोणसाठ साली याच मैदानावर खेळले.
स्वतःला 'गार्ड' म्हणतात. अजून. वर्तमानकाळात.

माझा नचिकेत सगळ्यांच्या मधोमध वाकलेला.
बाकी मला काही उमगत नाही:
इतकी पोरं एकमेकांवर का पडतात,
आणि पडल्यावर टाळ्या नेमक्या कुणाला.
म्हणून मी नावं विचारते.
चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही की
दुकानातही मी नावापासूनच सुरुवात करते.

होस्टेटलर शेंगा सोलत नाहीत, मांडतात,
आमच्या दोघांमधल्या फळीवर.
ही ओळ. कडेचे हे दोघे 'एंड',
कारण इथे ओळ संपते.
इतकं सरळ नाव पोलादाच्या कारखान्यातही
कधी ऐकलं नाही, म्हणतात.
हे 'टॅकल', धरपकड यांच्या वाट्याची.
आणि हे 'गार्ड', मधल्याची राखण करणारे.
दोन बोटं नसलेल्या हातानं
ती शेंग ते जरा सरळ करतात.

मग मागचे.
एक शेंग ओळीच्या पाठीला खेटून,
दोन थोड्या मागे, एक पार मागे.
क्वार्टर. हाफ. फुल.
किती मागे उभा, ते माप हेच त्याचं नाव.

पाव, मी पुटपुटते. अर्धा. आख्खा.
आणि तासगावच्या दुकानाची फळकुटं खडखडत निघतात,
गुळाच्या ढेपेवर माशी,
भाऊ गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून पावकी म्हणतायत,
एक पाव पाव, दोन पाव अर्धा,
तीन पाव

पाऊण कुठे आहे?

होस्टेटलर मैदानावरून नजर काढतात,
आज पहिल्यांदाच.
होता, म्हणतात. तिकडच्या रग्बीत अजूनही आहे,
अर्ध्याच्या मागे, पूर्णाच्या पुढे.
इकडे येताना कुठे गळला, कोण जाणे.

एकोणीस वर्षं झाली मला इथे.
एक शेंग उचलून मी नुसती धरून बसते.
कुठे ठेवावी ते कळत नाही.

समोरच्या संघातून एक सडपातळ पोरगा आत धावतो.
हा 'निकल'. मागच्या फळीतला पाचवा,
म्हणून पाच सेंटांचं नाणं.
आणि सहावा आला तर?
'डाइम'.
अहो, डाइम दहाचं!
होस्टेटलर खोकत खोकत हसतात,
सहाचं नाणं सरकारनं पाडलंच नाही, आम्ही काय करणार.
भाऊंनी हा हिशेब वहीत चढू दिला नसता.

आणि मधल्याचं नाव?
मधला.
एवढंच?
एवढंच. पूर्वी चेंडू टाचेनं मागे सारायचा,
आता हातानं, दोन पायांतून, न बघता.
तिथून खेळ सुरू होतो
आणि तिथूनच त्याच्याकडे बघणं संपतं.

मध्यंतरात बँडच्या गोंगाटात फोन लावते.
तिकडे शनिवारची पहाट, भाऊ उठलेलेच.
पोरगा कुठे उभा असतो गं?
उभा नाही, भाऊ. वाकलेला. मधोमध.
गाळणी कपावर आपटल्याचा आवाज.
मग काटा झाला की तो, भाऊ म्हणतात.
काट्याला कोण तोलतंय.

होस्टेटलरना मी ते इंग्रजीत सांगते, जमेल तसं.
तराजू म्हणजे कसला, तेही हातांनी दाखवते.
ते बराच वेळ गप्प.
मग फळीवरचा क्वार्टरबॅक फोडतात,
दाणे तोंडात टाकतात,
टरफल कोटाच्या खिशात.

शिट्टी होते. दिव्यांखाली नचिकेत पुन्हा वाकतो.
माझ्या मुठीतली शेंग
घामानं मऊ पडली आहे.