वाकण्याचा कोन

फाइल दोनशे अकरा पानांची.
पान एकशे चाळीस, लष्करी डॉक्टरची सही :
पुढे वाकतो, पासष्ट अंश. सहकार्य केलं.
कोनमापकाचा उल्लेख नाही.
लेलँड हाउगेनची पाठ
जेवणाच्या सुट्टीआधी नजरेनंच मोजली असावी.
दुखायला कुठे लागलं,
ती रेघ कोरी.

मोडेन पण वाकणार नाही,
असं भरतीच्या दिवशी वाटतंच कुणालाही.
इथे उलटं :
मोडलास ना, मग वाकून दाखव किती ते.
पासष्ट अंशांना दहा टक्के.
दहा टक्क्यांना एकरकमी चेक आणि हस्तांदोलन.

जोडपत्र बारा. डलुथहून, मार्वा हाउगेनची वही,
अर्धी किराण्याच्या हिशेबानं भरलेली.
*१४ जानेवारी. उणे एकोणतीस. बूट मी बांधले.*
*१५. बूट मी.*
*१६. इंग्रिडनं बांधले. तिची बस चुकली.*
*१७. आज त्यानं स्वतः.*
*१८, १९. अंथरुणात.*

अध्यक्ष म्हणाले, हा वैद्यकीय पुरावा नव्हे,
बायको आहे ती.
मंडळावर डॉक्टर मी एकटाच. गप्प बसलो.

दुपारी दार लावून घेतलं.
पाय ताठ ठेवून माझ्याच लेसकडे वाकलो,
कमरेला कोनमापक धरून, वेड्यासारखा.
बोटं टेकली तेव्हा काटा ब्याऐंशीवर.

म्हणजे त्यांचा आकडा खरा धरला
तरी तो बुटापर्यंत पोचत नाही.

हे टाइप करून घ्यायला पाच वाजले.
सोळा तारखेवर कॉफीचा डाग आहे,
पुराव्याचा शिक्का नेमका त्याच्यावर.