काता

आमच्या क्लासला पत्र्याचं छप्पर,
जिन्याखाली चोवीस माग.
यनगंदुल सर जपानी आकडे मोजायचे,
इची, नी, सान,
आणि खालचा धोटा त्यांच्या एक ठोका पुढेच.
आम्ही कुणाच्या तालावर ठोसे मारले
मला आजही सांगता येत नाही.

घरी पहिल्यांदा म्हटलं, उद्या काता आहे,
तर बाबा टॉवेलच्या किनारीवरून मान वर न करता म्हणाले,
सूत? आता कोण कातायला सांगतंय?
आई हसली. मांडीवरचं सूप हललं,
तंबाखू थोडी सांडली.

पाणी चार दिवसांनी, गी पांढरा.
तपकिरी पट्टा मिळेपर्यंत
गीसुद्धा तपकिरीच झाला होता.

मग तो मे महिना. विडी घरकुलचा शेवटचा स्टॉप,
लाइट गेलेली.
कुणीतरी मनगट धरलं.
हेच मनगट, हीच पकड,
तहसीनच्या हातातून दोनशे वेळा सोडवलेली.
पण तहसीन आधी वाकायची.
तिच्या हाताला मेंदीचा वास यायचा.
हा वाकला नाही.
उजवा पाय पुढे टाकून यायचं असतं,
हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मी?
मी उभी राहिले.
पुढचा आकडा कुणीतरी म्हणेल
म्हणून.

सोडवलं मला उन्हाळ्याने.
घामाने हात निसटला
आणि मी पळाले, एक चप्पल तिथेच ठेवून,
पाच वर्षांचं सगळं शिक्षण तिथेच ठेवून,
असं तेव्हा वाटलं.

मंगळवारी सरांना सांगितलं, पट्टा घडी करून हातात.
त्यांनी तो घेतला नाही.
विचारलं, घरी पोचायला किती मिनिटं लागली?
चार असतील.
एरवी?
दहा.
मग त्यांनी तोंडात बोट घालून
वरची कवळी काढली.
तेव्हा काळा पट्टा होता माझ्याकडे, म्हणाले
(दातांशिवाय ते वेगळेच कुणी वाटत होते),
अशोक चौकाजवळ, तिघं जण. मी पहिल्याची वाट बघत बसलो.
तिघं एकदमच आले.

पुढच्या वेळी चपला घालून या, म्हणाले.
दप्तर, ओढणी, डबा, सगळं घेऊन.
दिवे बंद.
आणि तो किआय नको, गल्लीत लोकांना मांजर वाटेल.
झोपेत ज्या भाषेत बोलता, तिच्यात ओरडा.

अंधारात पाय अडखळले, कुणाचा तरी डबा उपडा झाला.
तहसीन ओरडली, छोड बे!
महानंदा, एरवी हजेरीलाही पुटपुटणारी, बिडो!
माझ्या घशातून किती वेळ काहीच नाही.
मग, आई चिमणीवर मांजर आलं की ओरडते तसं,
इडिसिपेट्टु!

खालचे माग थांबले.
पहिल्यांदाच ऐकलं मी त्या खोलीला मागांशिवाय.
जिन्यावर पावलं वाजली, एकाचीच.
बनियनवरचा माणूस, हातात धोटा, दारात धापा टाकत,
काय झालं पोरींनो?
सर म्हणाले, काही नाही. आलात, बरं केलंत.
खाली बाकीच्यांनी माग पुन्हा सुरू केले होते.

काता मी सोडली नाही.
गच्चीवर करते, सकाळी, पाण्याची टाकी आणि मी.
एकवीस हालचाली, समोर कुणीच नाही.
नीट केली तर जिथून निघालीस
त्याच फरशीवर परत येशील, असं सर सांगतात.
मी अजून वीतभर डावीकडे येते.

बाबांना आम्ही काही सांगितलं नव्हतं.
तरी शनिवारी पगार झाल्यावर
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला त्यांनी उंबऱ्यापाशी ठेवल्या
आणि पाय धुवायला गेले.
मोरीतूनच म्हणाले,
मागून पट्टा आहे.
निघणार नाहीत.