तिसरं पान

बुधवारच्या बाजारात, गोदेच्या काठी,
बिनकुलपाच्या चाव्या नि एका काचेचे चष्मे
मांडून बसतो मुश्ताक.
त्याच्याकडे मिळालं हे बारावं.
"सोनं नाही, मुलामा आहे," तो आधीच म्हणाला.
प्रामाणिक माणूस. पितळेचा भाव सांगतो
आणि वर शंभर रुपये माझ्या चेहऱ्याचे लावतो.

घरी आणून धोतराच्या चिंधीने पुसलं.
काळ्या एबोनाइटवर वेल उतरत गेलेली,
पानापानांतून कोरलेली जाळी,
जाळीतून मागचं काळं अंग.
अंगठ्याने घासलं की गंधकाचा वास येतो,
दिवाळी संपल्यावरच्या सकाळचा.
टोपणाच्या कड्यावर दोन जर्मन अक्षरं.
एक ‘एच’ असावं.
दुसरं मासे धरायचा गळ वाटतं.

पिस्टनचं बूच सुकून भुगा झालेलं.
आमच्या घरात थेंब चालत नाही,
पण पुतण्या गंगापूर धरणाकडच्या वायनरीत आहे,
काकूची नजर चुकवून बुचं आणतो खिशातून.
ब्लेडने कापायचं, मेणात उकळायचं, घासून गोल करायचं.
इथल्या वाइनच्या बाटलीत पडून राहिलेलं बूच
आता हायडेलबर्गच्या पेनात
शाई धरून बसलंय.

एका जागी जाळी उसवली होती.
सराफ बाजारात रत्नाकर दुसान्यांकडे नेलं.
त्यांच्या भिंतीवर पुराच्या तीन रेघा, तारखांसकट.
भिंग डोळ्याला लावून बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "हे तिसरं पान बघा.
इथे कलम निसटलंय त्याचं.
ओरखडा गेला सरळ पानाबाहेर.
तर गड्यानं ओरखड्यालाच वळण दिलं,
वेलीचा तणावा केला.
बाकी एकाही पानाला तणावा नाही. मोजा."
मोजले. नव्हता.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटांच्या तावांवर चूक शोधली.
केसभर रेघ सरकली की लाल खूण,
की ताव रद्द.
निसटलेल्या रेघेला कधी विचारलं नाही,
बाई, कुठे निघाली होतीस?
आणि हे पेन महिनाभर हातात होतं,
मला काही दिसलं नाही.
आधी राग आला. नंतर, रविवार कारंजापाशी
रिक्षाची वाट बघताना, हसू.

दुसाने डाग देऊन चांदीचा जोड बसवतील.
मुलामा पुन्हा नको म्हणाले,
जोड जोडासारखा दिसू दे.
"पण एवढ्या पेनांनी लिहिता काय?"
"वाण्याची यादी."
त्यांनी भिंग काढून माझ्याकडे पाहिलं,
जसं खोट्या नाण्याकडे बघतात.

काय सांगणार?
पत्र लिहावं असं आता कोणी उरलं नाही.
सह्यासुद्धा बँक अंगठ्यावर घेते.
पण निब कागदावर टेकवून जरा दाबलं
की तिच्या दोन फाका उघडतात,
रेघ पोटात भरते, मग पुन्हा बारीक होते;
तेवढ्यासाठी मी तूरडाळ लिहितो,
जिरं लिहितो, कपड्यांचा साबण लिहितो
सावकाश, वेलांट्या सोडत.

परवा हात कापला.
साखरेपुढच्या २ ची शेपटी निसटली, सरळ खाली.
सवयीने लाल पेन्सिल शोधली टेबलावर.
मग राहू दिलं.
शेपटीला वळण दिलं, छान, भरदार.

वाण्याने तीन किलो साखर पाठवली.