क्वार्टरमधला फालसा

थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमागे
मोरीच्या पाण्याला धरून
मी फालसा लावला होता.
हजीऱ्याच्या बाजारातून आणलेलं वीतभर रोप.
विकणारा गनपत कुशवाह म्हणाला होता,
"बहनजी, इसे खाद कम, कैंची ज़्यादा देना."

दोन वर्षं मी ऐकलं नाही.
कैची लावायला हात धजेना.
झाड गच्चीपर्यंत गेलं, पानं तळहाताएवढी, खरबरीत,
आणि मे महिन्यात फळं मोजून अकरा,
तीही शेंड्याला, बुलबुलांच्या ताब्यात.

मग कळलं, हे जुन्या लाकडावर फळत नाही.
जानेवारीत, धुक्यात, थंडीनं बोटं वळत नसताना
कमरेइतकं ठेवून सगळं छाटायचं.
खानवलकर वहिनी कुंपणापलीकडून हळहळायच्या,
"अगंबाई, जिवंत झाडाचं हे काय केलंस!"
एप्रिल संपता संपता त्याच वाटी घेऊन यायच्या.

फालसा एकदम पिकत नाही, हा त्याचा चावटपणा.
रोज सकाळी ऊन चढायच्या आत बघावं तर
घोसात दोन जांभळे, चार लाल, बाकी हिरवे.
दोन काढायचे.
चार उद्यावर.
दफ्तराला निघेस्तोवर एक डबा भरायचा,
संध्याकाळपर्यंत ठेवला तर आंबायचा,
म्हणून वाटायचीच पाळी. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता.
सिंचाईच्या दफ्तरात टपाल बाजूला सारून
काळं मीठ लावून खाल्लेले फालसे,
आणि फायलींच्या कडेला उमटलेले अंगठे.
मोठ्या साहेबांनी एकदा विचारलं होतं,
ही कुठल्या शाईची सही?

एकतीस जानेवारी माझी निवृत्तीची तारीख.
क्वार्टर सोडायचा फॉर्म त्याआधीच आला:
पंखे दोन, नळ तीन, ट्यूबलाइटच्या पट्ट्या चार,
खिडकीची काच, तडकलेली, एक.
झाडाला रकाना नव्हता.

कलमं करून पाहिली,
पाण्याच्या बाटल्या कापून, वाळू घालून.
सातांतली सातही काळी पडली.
नव्या फ्लॅटला तिसरा मजला, हातभर गॅलरी,
आणि कुंड्यांबाबत सोसायटीचा नियम.

शेवटच्या रविवारी कैची काढली.
छाटू नये, असं आलं होतं मनात, खोटं कशाला बोलू.
वाढू दे वेडंवाकडं, लागू देत त्यांनाही अकराच.
मग उठले, कैचीला धार लावून आणली.

क्वार्टर बघायला आलेली भदौरियांची सून
मागच्या दारातच थबकली.
खुंट पाहिले, फांद्यांचा ढीग पाहिला,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं जाता जाता विहिरीत काही टाकणाऱ्या बाईकडे पाहावं.
"आंटी, जाते-जाते काट दिया?"
मी म्हटलं, फलेगा. मई में.
तिचा विश्वास बसला नाही.
मलाही फार समजवावंसं वाटलं नाही; ट्रक उभा होता.

मेमध्ये बँकेच्या कामाला तिकडून गेले.
लू सुटलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही.
स्कूटी थांबवली, बेल वाजवली नाही.
कुंपणावरून दिसलं तेवढंच पाहिलं:
झाडावर जुन्या मच्छरदाणीचं छत,
पायरीवर थुंकलेल्या बिया,
भिंतीवर, फार उंच नाही, पाच जांभळी बोटं,
आणि दोरीवर वाळणारा पोराचा पांढरा शर्ट,
खिशाखाली निळसर पडलेला डाग.

म्हणजे तिनं थेट साबण लावला.
आधी लिंबू चोळायचं असतं, मग साबण.
एवढं सांगायचं राहून गेलं.