धारेचा थेंब होतो तेव्हा

वीजबिलाच्या पाकिटाच्या पाठीवर यादी केली.
डायल गेज : बावीस डॉलर.
ते पंपावर बसवायचा अडॅप्टर : अडुसष्ट.
किंवा सगळं एकाच पेटीत,
काळ्या फोमच्या खाचांत निजलेलं : तीनशे चाळीस.
शेवटच्या ओळीवर काट मारली,
मग बराच वेळ त्या काटेवरून बोट फिरवत बसलो.

कान सोनारानेच टोचावेत, म्हणतात.
पोकाटेलोचा सोनार हायवेलगत बसतो,
तासाला एकशे साठ घेतो,
आणि म्हणतो, शहाण्णवचा डॉज?
मार्चनंतर बघू.

इथे जानेवारीच संपत नाही.
किल्ली फिरवली की ट्रक खोकतो, खोकतो,
मग गल्लीभर पांढरा धूर,
आणि समोरच्या व्हर्ना हॅस्केट
खिडकीचा पडदा ओढून घेतात.
त्यांच्याच डेल्बर्टचा हा ट्रक.
तो गेल्यावर मला विकला त्यांनी,
दोरखंड, पान्यांचा डबा
आणि अर्धी चपटी झालेली लोशनची ट्यूब यांसकट.

गियर ओढायचा पुलर पार्टच्या दुकानात उसना मिळतो.
पूर्ण किंमत ठेवा, आणून द्या, पैसे न्या.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, इंजिन उतरवताय?
नाही, म्हटलं, त्याला घड्याळ शिकवतोय.
ती हसली नाही. पावती दिली.

बावीस डॉलरची सुई चाळिसावर अडली.
टिचकी मारली की जरा हलायची,
माझं मन राखायला हलावी तशी.

तेव्हा डब्याच्या तळाशी, चाऱ्याच्या दुकानाच्या पावतीत
गुंडाळलेली ती वाकडी पितळी नळी पुन्हा हातात आली.
दोन वर्षं मी तिला
कुठल्यातरी फ्रिजचं आतडं समजत होतो.
एका टोकाला नट. दुसरं टोक कानशीने घासून
बगळ्याच्या चोचीसारखं बारीक केलेलं.
अरे!
कुरुंदवाडला गिरणीच्या इंजिनावर वाकलेला
भूपाल मिस्त्री अशीच नळी दातांत धरून
आम्हा पोरांना म्हणायचा, उजेड सोडा रे.

पंप हाताने दाबायला दुसरं माणूस लागतं.
व्हर्ना आल्या, डेल्बर्टच्या कोटात.
मला फक्त दाबायचंय ना?
फक्त दाबायचंय.
नळीतून डिझेलची धार लागली, खाली कॉफीचा डबा.
मी बारने इंजिन फिरवत होतो, केसाकेसाने.
धार बारीक झाली,
मग दोरा,
मग तुटक,
मग चोचीवर एक थेंब, जो पडेना.
थांबा, मी म्हणालो. व्हर्ना आधीच थांबल्या होत्या.

चाकाच्या कडेला करवतीच्या पात्याने ओढलेली
डेल्बर्टची जुनी खूण होती.
आम्ही तिच्यापुढे दोन बोटं आलो होतो.
एवढाच उशीर.
एवढ्यासाठी अख्खा हिवाळा खोकला.

व्हर्नांनी कोटाच्या खिशातून नेलपॉलिश काढली,
विटकरी, तळाशी घट्ट झालेली,
आणि खुणेत भरली. आता दिसेल, म्हणाल्या.
गियर सैल केलं, उतार फडक्याने कोरडा पुसला
(तेलाचं बोट राहिलं तर तो पुन्हा सरकतो),
इंजिन मागे घेऊन खुणेवर आणलं,
पंपाचा दांडा थेंबावर,
आणि श्वास रोखून नट आवळला.
त्या मध्येच म्हणाल्या,
हे काम तो रविवारी करायचा. मला वाटायचं
चर्च टाळतोय.
मी काही बोललो नाही. हातात पाना होता.

सकाळी ट्रक दुसऱ्या फेरीला लागला.
धूर आहे अजून, रुमालाएवढा.
आवाज किंचित कडक; अर्धा अंश पुढे गेलो असेन.
समोरचा पडदा उघडाच होता.

पुलर परत केला. काउंटरवर आज दुसराच मुलगा,
त्याने पैसे मोजून दिले, मान वर न करता.
घरी येऊन पाकीट शोधलं, यादी पुरी केली :
नळी : शून्य.
नेलपॉलिश : व्हर्नांची. परत द्यायची.